बिनराबाची नागली

चैती मोकळी चालायची तेव्हाही मान ताठ आणि एक हात डोक्याजवळ, जणू भारा आहेच. चाळीस वर्षं डोक्यावर काही ना काही वाहिलेल्या बाईचं अंग रिकामं राहायचं विसरून जातं. पाणी, सरपण, भाताचे भारे, आणि सगळ्यांत जड म्हणजे राबाचा टहाळ. ऐनाच्या ओल्या फांद्यांचा भारा उतरवताना मानेत जी कळ निघायची ती तिने कधी कुणाला सांगितली नाही. सांगून काय, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचंच.

राब म्हणजे काय ते एकदा नीट सांगायला हवं, कारण पुढे सगळं महाभारत त्याच्यावरूनच झालं. भात काय, नागली काय, आधी छोट्या वाफ्यात रोप करायचं आणि मग उपटून शेतात लावायचं. तो वाफा पेरणीआधी भाजतात. माघात फांद्या तोडून आणायच्या, त्यांच्यावर शेण, पाचोळा, पेंढा, वरून मातीचा हात, आणि वैशाखात पेटवून द्यायचं. राख होते, माती भुसभुशीत होते, तिच्यात बी टाकलं की रोप तरारून येतं. चैतीच्या आजीने हे केलं, आजीच्या आजीने केलं. का भाजायचं, हे कुणी विचारलं नाही. तांदूळ का शिजवायचे, हे कोण विचारतं?

पाडा खोडाळ्यापासून पायी दोन तासांवर, सोळा घरांचा. घरात नवरा ढवळू, त्याचा एक पाय वसईकडे रेतीच्या होडीवर मोडला आणि वाकडाच जुळला. मुलगा सोम्या, सून तुळशी. जमीन म्हणाल तर ओहोळाकाठी भाताचं एक खाचर आणि डोंगराच्या उतारावर नागलीचं वरकस. भात मार्गशीर्षापर्यंत जायचा, मग नागली. नागली संपली की त्या घराचं वर्ष संपलं, भिंतीवरच्या कॅलेंडरात किती का महिने उरलेले असेनात.

आणि नागली लवकर संपायची म्हणून दिवाळी झाली की सोम्या-तुळशी भिवंडीकडे वीटभट्टीवर. भट्टीला जोडी लागते. पुरुषाने विटा थापायच्या, बाईने वाहायच्या. दोन हजार तीनच्या थंडीत तुळशी तिथेच, कच्च्या विटा रचून केलेल्या खोपटात, पहिल्यांदा बाळंत झाली. मुलगा होता. पंधरवडाही जगला नाही. कुणी काही वाईट केलं असं नाही. कुणी काही केलंच नाही, एवढंच. भट्टी चालू होती.

त्याच सालच्या वैशाखात सून परत आली. तिने आल्या आल्या झाडू हातात घेतला आणि अंगण झाडलं, मग पुन्हा झाडलं. चैती दारात बसून बघत होती. त्या दिवशी तिने मनाशी पक्कं केलं की हिचं पुढचं बाळंतपण या घरात होईल. नवस नाही, शपथ नाही. सरळ गोष्ट होती: नागली होळीपर्यंत पुरली तर भट्टी नाही, आणि भट्टी नाही तर मूल घरात.

वावर-वांगणीत ब्याण्णव साली कुपोषणाने मुलं गेली, पेपरात आलं, आणि तेव्हापासून या डोंगरांत जीपगाड्यांना रस्ता सापडला. आधी रस्ता नाही म्हणून डॉक्टर येत नव्हता. मग त्याच नसलेल्या रस्त्याने संस्था आल्या, कुणी कोंबड्या घेऊन, कुणी चुली घेऊन, कुणी गुंडाळलेली चित्रं घेऊन. चैतीने आजवर बिनधुराच्या तीन तऱ्हेच्या चुली पाहिल्या होत्या. तिन्ही पावसाळ्यात विरघळल्या.

दोन हजार चारच्या माघात आलेली संस्था चित्रांची होती. तिचा कार्यकर्ता दिपेश मोखाड्याकडचाच, आश्रमशाळेत शिकलेला, बारावी पास, फटफटीवाला. पोरगा मनाने चांगला होता. वाईट एवढंच की सहाव्या वर्षापासून वसतिगृहात वाढला, त्यामुळे शेतीबद्दल त्याला जे ठाऊक होतं ते सगळं छापलेलं होतं. त्याच्यासोबत शहरातला एक साहेब. त्याने शाळेच्या भिंतीवर पृथ्वीचं चित्र टांगलं आणि तिला ताप आलाय म्हणून सांगितलं.

“गाड्या, कारखाने यांनी हवा तापते हे तुम्ही ऐकलं असेल,” साहेब म्हणाला. “पण शेतीनेही तापते. खाचरात पाणी साचतं, त्यातून वायू निघतो. युरियातून निघतो. गाईच्या ढेकरातूनसुद्धा निघतो.”

मागून ढवळूने विचारलं, “किती खाल्ल्यावर?”

“म्हणजे?”

“ढेकर द्यायला पोट भराया लागतं ना. आमची गाय अजून ढेकरली नाय.”

सगळे हसले. साहेबही हसला, माणूस तसा वाईट नव्हता. मग तो राबावर आला. झाडं ओरबाडता, धूर करता, वरची माती भाजून मारता. त्याऐवजी खड्ड्यात खत कुजवा, ते वाफ्यात घाला.

चैती उठून उभी राहिली. तिच्या डोंगरात साहेबालाही ‘तू’च म्हणतात, त्यात मान कमी होत नाही. “या पाड्यात युरियाची गोणी कुणी आणली हाय?” तिने लोकांना विचारलं. सगळ्यांनी नकाराच्या माना हलवल्या. “मंग साहेब, आमी शेंद्रियच की. तू आमाला काय शिकवतोस?”

“आहातच,” साहेब म्हणाला. “पण तसा कागद नाही ना तुमच्याकडे. कागद मिळाला की तुमची नागली शहरात चांगल्या भावाने जाईल. त्याला अट एकच, काही जाळायचं नाही.”

बाहेर त्याची जीप सुरूच होती. तिचा स्टार्टर बिघडलेला, एकदा बंद पडली की ढकलावी लागे, म्हणून ड्रायव्हरने ती दीड तास तशीच धूर सोडत ठेवली. पाड्यातल्या कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. पाहुण्याच्या गाडीला नावं ठेवायची नसतात.

सोळा घरांपैकी हो म्हणाली ती एकटी चैती. पृथ्वीच्या तापासाठी नाही आणि कागदासाठी तर नाहीच. तिच्या वरकसाच्या कडेला चार ऐन होते. लग्न होऊन आली तेव्हा त्यांच्याखाली बैलजोडी सावलीला उभी राहायची. आता ते चार खांब होते, टोकाला मूठभर पानं. गावाजवळची सगळीच झाडं अशी. टहाळ आणायचा तर आता वरच्या कड्यापर्यंत जावं लागे, दिवसाला दोन खेपा, त्यात जंगलाचा गार्ड आडवा आला तर कोयता जायचा. झाडं संपत आली होती आणि तीही संपत आली होती. एक वर्ष हा भारा डोक्यावर चढला नाही तर बरं, एवढाच तिचा हवामानाचा अभ्यास.

“राबाशिवाय रोप? म्हंजे दाताशिवाय चावायचं?” ढवळू म्हणाला. “कुणी सांगितलं? त्या फटफटीवाल्याने? त्याच्या हाताला कदी चिखल तरी लागला काय?”

“तू वर जा टहाळ आणाया. मी नाय म्हणत नाय.”

ढवळू आपल्या पायाकडे बघत बसला. विषय तिथेच मिटला.

फाल्गुनात ती खोडाळ्याच्या बाजाराला गेली. जव्हारचा इदरीस लोहार तिथे दर बाजारी भाता घेऊन बसायचा. वीस वर्षं तिच्या कोयत्याला तोच पाणी देत आलेला.

“काय चैतीबाई, यंदा कोयता दाखवला नाहीस. दुसरा लोहार धरलास काय?”

“यंदा राब नाय. धुराने पृथ्वी तापते म्हणं.”

इदरीसने निखारे उलटे केले. “मग उद्या माझा भाता पण बंद करायला येतील.”

“तुझ्याकडं जीप नाय येणार. तू कुपोषणात बसत नायस.”

इदरीसने आपल्या पोटावरून हात फिरवला आणि पोटभर हसला. मग म्हणाला, “थट्टा राहू दे. रोप नाही आलं तर?”

“तू वाईट बोलू नको.”

“वाईट नाही. विचारतोय.”

मीठ-मिरची घेऊन ती परत आली.

खड्डा दिपेशने आखून दिला. चैती आणि ढवळूने त्यात बांधावरचं गवत टाकलं, शेण टाकलं, पाचोळा टाकला, पाणी मारलं. खत नीट कुजायला वेळ लागतो, पण माघात खणलेला खड्डा मृगापर्यंत किती कुजणार? दिपेशने काडी घालून बघितलं, वास घेतला, “चालेल” म्हणाला. वैशाखात बाकीच्या पंधरा घरांनी आपापले राब पेटवले. चैतीचा वाफा तेवढा कोरा.

त्याच आठवड्यात सोम्या-तुळशी भट्टीवरून आले. तुळशीने पाण्याचा हंडा उचलायच्या आधी क्षणभर कमरेला हात लावला, आणि चैतीला कळलं. बाळंतपण पौषात, तिने मनात धरलं. ऐन पौषात, भट्टी भर जोरात असते तेव्हा. तिने वाफ्याकडे बघितलं. आता टहाळ कुठून आणणार, दिवस उरले नव्हते. आता जे काय होतं ते त्या खड्ड्यात होतं.

आणि रोप आलं. आलं म्हणजे काय, असं गच्च आलं की शेजारपाजारचे बघायला आले. भाजलेल्या वाफ्यात रोप विरळ, एकेक काडी मोजून घ्यावी असं. इथे हिरवीगार लोकर. दिपेशने फोटो काढले. चैतीला वाफ्याच्या कडेला उभं केलं, “हसा की मावशी” म्हणाला. ती हसली. खरंच हसली. त्या कडेच्या ऐनांनाही त्या वर्षी कोयता लागला नव्हता, तर त्यांनी अंगावर पानं घेतली होती, आणि फोटोत तिच्यामागे थोडी सावलीसुद्धा आली.

“काय रं,” तिने ढवळूला विचारलं, “दाताशिवाय चावता येतंय ना?”

“तोंडात तर जाऊ दे,” ढवळू म्हणाला.

आषाढात रोप उपटायला बसले. नागलीचं रोप मुठीत धरून ओढलं की सुटतं, मुळाला थोडी माती घेऊन. या खेपेला काही सुटत होतं आणि काही सुटत नव्हतं. जमिनीला धरून बसत होतं, बोटांना काचत होतं. चैतीने एक काडी निरखून बघितली. बुडाशी जरा चपटी, जरा पांढरी. खताचा जोर असेल, ती म्हणाली. हाताला कळलं होतं, पण चांगलं रोप बघून डोकं असं सुखावलेलं की त्याने हाताचं ऐकलं नाही. आणि ती तरी काय करणार? चाळीस वर्षं तिने मूठ भरली ती डोळे झाकून. राबाच्या वाफ्यात रोपाशिवाय दुसरं काही उगवायचंच नाही, म्हणून वाफ्यात निवडायची सवय तिच्या काय, त्या डोंगरातल्या कुठल्याच बाईच्या बोटांना नव्हती. भाताच्या रोपात गवत वेगळं दिसतं, ते तिने काढून टाकलं. नागलीत ती फसली. ढवळू रोपाच्या मुठी देत गेला आणि बाकी तिघांनी आठ दिवस पावसात वाकून उतारभर लावणी केली.

गौरीच्या सुमारास तुळशी बेणणीला गेली होती. पोट दिसायला लागलेलं, म्हणून चैती तिला वाकू देत नसे, ती बसून सरकत सरकत गवत काढायची. तिने हाक मारली.

“आय, इकडं ये जरा.”

“काय?”

“ह्याला कणीस आलं. एवढ्यात कसं?”

चैती गेली. नागलीचं कणीस म्हणजे मिटत आलेली मूठ, जाड बोटांची. हे कणीस पसरलेलं होतं, बोटं सुतासारखी बारीक. तिने चिमटीत धरून चुरडलं. काळे बारीक दाणे, मुंगीला पुरतील एवढे. हे गवत तिला चांगलं ठाऊक होतं, बांधावर, वाटेवर, गुरांच्या खुराखाली उगवतं. कोवळं असताना अगदी नागलीचं जुळं. बांधावरचं तेच गवत, त्याच्या बियांसकट, तिने स्वतःच्या हातांनी खड्ड्यात टाकलं होतं. जे गाईच्या पोटात गेलं तेही शेणातून तिथेच आलं. अर्धवट कुजलेल्या खतात बी मरत नाही. आगीत मरतं.

ती शेतातून चालत गेली. एका ओळीत चार रोपं नागलीची, तीन गवताची. पुढच्या ओळीत उलटं. तिने लहान लेकरासारखं जपून, ओळीने, वीतवीत अंतर सोडून गवत लावलं होतं.

“आजी लोकांनी का भाजलं ते कळलं आता,” ती तुळशीला म्हणाली, आणि उपटायला वाकली.

सहा दिवस उपटणं चाललं. ते गवत असं चिवट की हाताच्या रेषा सोलल्या. ढवळू बांधावर बसून शिव्या देत होता, चैतीला, दिपेशला, पृथ्वीला.

“साहेबाचा ताप उतरला असेल आता,” तो म्हणाला.

“बोलू नको. वाक.”

“पाय वाकत नाय.”

“मंग तोंड तरी वाकव.”

गवत गेलं तिथे टक्कल पडलं. उतारावर अर्धं पीक, अर्धी माती. पुन्हा लावायला रोप नव्हतं, दिवसही नव्हते. पंधरा घरांच्या नागल्या भरून आल्या होत्या आणि येणारा-जाणारा चैतीच्या शेताकडे बघून काही बोलत नव्हता. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दिपेश आला तो भाद्रपदाच्या शेवटी. शेत बघून त्याचं तोंड उतरलं.

“मावशी, मला खरंच माहीत नव्हतं.”

“काय माहीत नव्हतं?”

“राबाने गवत मरतं हे. आमच्या पुस्तकात धूर होतो एवढंच होतं.”

“तुझी आय राब भाजत नाय?”

“भाजते.”

“तिला इचारलंस?”

चैतीचा राग असा की उठला तर पेटायचा, पण त्या दिवशी तोही थकलेला होता. पोरगा उन्हातून आलेला, ओठ सुकलेले. तिने त्याला पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि मग, खाली बघत, ज्या कामासाठी आला होता ते त्याने सांगितलं. आश्विनात पाहुणे येणार होते, कागद देणारे तपासनीस आणि मोठे साहेब. तालुक्यात पूर्ण बिनराबाचं शेत एकच होतं. चैतीने चार शब्द बोलायचे होते.

“कुठलं चार?”

“म्हणजे… राब न जाळता पीक येतं, असं.”

“येतं की,” चैती म्हणाली. “अर्धं.”

पाहुणे आले. तपासनिसाने माती चिमटीत घेतली, वाफ्याची जागा बघितली, राख नाही, कोळसा नाही, समाधानाने वहीत लिहिलं. ऐनाच्या झाडांचा फोटो काढला. ती झाडं खरोखरच बघण्यासारखी झाली होती, त्यात खोटं काही नव्हतं. मग साहेबाने चैतीला पुढे बोलावलं.

ती बोलली. गवत कसं आलं, कसं लावलं, कसं उपटलं, हात दाखवून सांगितलं. साहेबाने मान डोलावत ऐकलं. “हा फार महत्त्वाचा अनुभव आहे,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी खत पूर्ण कुजवू, वाफा आधी भिजवून गवत उगवून काढून टाकू, मग पेरू. यातूनच पद्धत सुधारते. आणि धूर तर झाला नाही ना? तेवढं काम झालंच.”

“साहेब, तू खोटं बोलत नायस,” चैती म्हणाली. “पण मला एक सांग. माजी सून पौषात बाळंत होणार. अर्ध्या नागलीवर ती घरी कशी राहील?”

साहेबाने दिपेशकडे बघितलं, दिपेशने जमिनीकडे.

“हा विषय आमच्या प्रकल्पात येत नाही, बाई,” तो हळूच म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण वाईट वाटणंही प्रकल्पात नसावं, कारण ते त्याने तिथेच ठेवलं आणि जीपकडे गेला. या वेळी चौघांनी ढकलली तेव्हा ती सुरू झाली.

धूर करू नका म्हणणाऱ्यांशी चैतीचं भांडण नव्हतं. धूर तिच्याही डोळ्यांत जायचा. झाडं तिचीही संपली होती. भांडण असलंच तर एवढंच, की जगाचा ताप उतरवायला निघालेल्या माणसांनी पहिला प्रयोग करायला शेत शोधलं ते हिचं. शेकडो एकरांवर युरिया ओतणाऱ्याचं नाही. जिच्याकडे एक वर्ष चुकायची सोय नाही, तिचं.

आश्विन सरत आला तशी नागली झोडली. कणगीत ती अर्ध्यावरही आली नाही. चैतीने हात आत घालून बघितलं, ढवळूने घालून बघितलं, सोम्याने घातला नाही. भात धरूनही चौघांनी खाल्ली तर पौष संपताना बूड दिसणार. दोघांनी खाल्ली तर होळी गाठेल. हा हिशेब घरात सगळ्यांना येत होता.

दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस झाली, देवाला नवं धान्य दाखवून झालं, आणि भट्टीचा मुकादम पाड्यात फिरून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चैती ओहोळावरून आली तर तुळशी गोधडीत लुगडी बांधत होती. सातवा भरलेला. गाठ मारायला तिला पोटावरून हात नीट पोचत नव्हते.

“काय चाललंय?”

“कपडे बांधते.”

“कुणाचे?”

“माजे. सोम्याचे.” तुळशीने मान वर केली नाही. “मुकादम सोमवारी ट्रक लावतो म्हणाला. मी पौषापर्यंत वाहीन, आय. मंग बघू.”

“मंग काय बघणार? मागल्या खेपेला काय बघितलंस?”

तुळशीचे हात थांबले. चैती खाली बसली, तिने गोधडीची गाठ सोडली, सुनेचे कपडे एकेक करून बाजूला काढले आणि स्वतःचं जुनं लुगडं आत टाकलं.

ढवळू दारातून बघत होता. “हे काय?”

“जोडी लागते ना भट्टीला. मी जाते सोम्याबरोबर.”

“तू? तुजी मान वळत नाय.”

“भट्टीवर मान वळवाया नाय लागत, ताठच लागते. डोक्यावर तर वाहायच्या. आजवर काय वेगळं केलं?”

“आणि हिचं कोण बघेल? मी बाप्या माणूस.”

“कमूला सांगितलंय.” कमू पाड्याची सुईण, अर्ध्या पाड्याची नाळ तिने कापलेली. “ती रोज येऊन जाईल. तू पाणी भर, चूल पेटव, आणि तोंड बंद ठेव. एवढं जमेल?”

तुळशी रडत नव्हती. ती म्हणाली, “तू असतीस तर बरं झालं असतं, आय.”

“झालं असतं,” चैती म्हणाली. तिला खरंच असायचं होतं. नातवंडाला पहिल्यांदा आपल्या हातात घ्यायचं, न्हाऊ घालायचं, पाचवीला कमूशेजारी बसून गायचं, हे तिने दीड वर्ष मनात धरलं होतं. पण नागलीने दोनच माणसांचा जीव धरला होता. त्यातली दुसरी ती असती, तर ढवळूला भट्टीवर जावं लागलं असतं आणि वाकड्या पायाची जोडी मुकादम घेत नाही. तिने पुष्कळ फिरवून बघितलं होतं. कुठूनही फिरवलं तरी गाठ तिच्याशीच येत होती.

सोमवारी फाट्यावर ट्रक उभा होता. मुकादम नावं घेत होता.

“सोम्या. बायको कुठाय?”

“घरी. आय हाय संगती.”

मुकादमाने चैतीला वरपासून खालपर्यंत बघितलं. “म्हातारी, एका वेळी किती विटा घेशील?”

“तुज्या तरण्या बायका किती घेतात?”

“बारा.”

“मंग बारा लिही,” ती म्हणाली आणि ट्रकवर चढायला सोम्याने दिलेला हात तिने धरला.

बारा काही जमल्या नाहीत. आठ जमायच्या, कधी दहा. मुकादम बोलायचा, ती ऐकून घ्यायची, पुढची खेप उचलायची. भट्टी पेटली की आठ-आठ दिवस जळत राहायची, कोळसा, तूस, रबराचे तुकडे, जे मिळेल ते. काळा धूर खाडीकडे जायचा. तिथे कुणी चित्र घेऊन आलं नाही.

पौष संपता संपता खोडाळ्याकडची एक जोडी उशिराने भट्टीवर आली, त्यांनी निरोप आणला. तुळशीला मुलगी झाली. घरात झाली. कमूने सगळं नीट केलं. मुलगी चांगली रडते, दूध ओढते.

“आणि तुळशी?” चैतीने विचारलं.

“बरी हाय. भाकर खाते.”

सोम्या थापायचा साचा हातात धरून तसाच उभा राहिला, मग तोंड फिरवून पाण्याच्या टाकीकडे गेला. चैती विटांच्या ढिगावर बसली. किती दिवसांनी ती अशी दिवसाउजेडी बसली होती. काम वैशाखापर्यंत होतं, त्याआधी सुटता येत नाही. तिने बोटांवर महिने धरले. तोवर पोर मान धरेल. हसायला लागेल, आपल्या माणसाचा आवाज ओळखायला लागेल, कुशीवर वळेल. ढवळूला ओळखेल, कमूला ओळखेल. ही कोण बाई आली म्हणून आपल्याकडे बघून रडेल.

“ए आजीबाय,” मुकादमाने पलीकडून हाक मारली, “झालं काय बसून?”

“झालं,” चैती म्हणाली. चुंबळ तिने डोक्यावर ठेवली आणि विटा रचून द्यायला शेजारच्या बाईला खूण केली.